इद्रीसची विचारपूस

इद्रीसनं सकाळी जिन्यावरून "काकू, कशा आहात?" अशी हाक दिली की मी आधी गॅस बंद करायची. दोन-तीनदा दूध उतू गेल्यावर आलेलं शहाणपण ते. त्याचं 'कशा आहात' आपल्यासारखं नव्हतं. आपण विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढं चालायला लागतो. हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहायचा, उजवा हात छातीवर ठेवायचा आणि सुरू व्हायचा.

"बऱ्या आहात?"

"बरी आहे बाबा."

"झोप बरी? काका बरे? विलासचं पत्र आलं? तो बरा? गुडघा बरा? डावा बरा, उजवा पण बरा? नळाला पाणी आलं? हाजराआपाची शेळी बरी?"

शेळीपर्यंत आलं की संपलं असं समजून मी आत वळायची. पहिले काही आठवडे मी वळायची आणि हा तिथंच उभा. हात छातीवर, चेहरा पडलेला. मला कळेना याला पाहिजे काय. शेवटी एक दिवस, गल्लीत उचललेल्या मराठीत म्हणाला, "काकू, आता तुम्ही."

"मी काय?"

"आता तुम्ही विचारा. मी विचारलं, तुम्ही नाही विचारलं, तर आमच्या गावात लोक म्हणतात, यांचं भांडण आहे."

मग मलाही शिकावं लागलं. तू बरा का, मामा बरा का, बहिणी बऱ्या का, खजुराची झाडं बरी का. त्यातही क्रम होता. एकदा मी मामापासून सुरुवात केली तर म्हणाला, "नाही काकू. आई पहिली. मग मामा." तेव्हापासून आई पहिली. रोज सकाळी मी विचारायची, "इद्रीस, आई बरी आहे ना?" आणि तो डोळे मिटून म्हणायचा, "अल्हम्दुलिल्ला, बरी आहे." मगच मला परत गॅस पेटवायची मुभा.

आमच्या उस्मानपुऱ्याच्या गल्लीत त्यानं कुणालाच सोडलं नाही. पोस्टमन सायकलवरून उतरेनासा झाला, फाटकावरूनच पत्रं टाकायला लागला. शेजारच्या हाजराआपा तर कपाळाला हात लावायच्या. "अरे कित्ता पूछता रे तू? घर में चार जने हैं, तू चालीस की खैरियत पूछता!" त्यावर हा अगदी गंभीरपणे विचारायचा, "आपा, बाकी छत्तीस कहाँ हैं? सब ठीक हैं?"

हा इद्रीस सुदानचा. सालं मला पाठ राहत नाहीत, पण आमच्याकडं फोन नवाच आला होता आणि अख्ख्या गल्लीत तो एकच होता, एवढं आठवतं. त्या दिवसांत औरंगाबादेत बाहेरच्या देशांतून शिकायला आलेली पोरं लई होती. येमेनची, इराणची, केनियाची. आमचा विलास पुण्याला इंजिनिअरिंगला गेलेला, गच्चीवरची खोली रिकामी. ह्यांनी ऑफिसातून येताना याला बरोबरच आणला. एवढा उंच की आत येताना चौकटीला कपाळ आपटलं. आपटलं ते आपटलं, वर यानं चौकटीवरून हात फिरवून तिची माफी मागितली. मी तिथंच ह्यांना खूण केली, की हा चालेल.

आला होता तो एका वर्षासाठी, ग्रंथालयशास्त्र शिकायला. माझं शिक्षण चौथी. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढं जे वाचायला आलं ते किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. मला काय ठाऊक असलं काही शास्त्र असतं म्हणून! मी म्हटलं, "अरे, पुस्तकं कपाटात लावायला एवढ्या लांबून आलास?" त्याला ते फार लागलं. मी एकदा दौलताबादला नणंदेकडं गेले असताना यानं माझं स्वयंपाकघरच लावून टाकलं. शास्त्राप्रमाणं. डब्याडब्यावर आकड्यांच्या चिठ्ठ्या. मोहरी, तीळ, जवस एका फळीवर, कारण ते एकाच 'विषयाचे'. साखर आणि मीठ शेजारी, कारण दिसायला सारखे. आल्यावर मी ह्यांना मिठाचा चहा पाजला. पुढं महिनाभर मला हिंग सापडला नाही. सापडला तेव्हा तो 'औषधे' या विषयात होता.

त्याची दुसरी खोड जेवणाची. त्याला एकट्यानं जेवता यायचं नाही. त्यांच्याकडं म्हणे मोठं तबक मधे ठेवतात आणि सगळे भोवती बसून त्यातच खातात. हाजराआपांना त्यात नवल वाटलं नाही, त्यांच्याकडंही दस्तरखानावर तसंच. पण माझ्याकडं ज्याचं त्याचं ताट, आणि कुणाचं उष्टं कुणाला चालायचं नाही. पहिल्या दिवशी मी त्याला वाढलं तर हा ताट घेऊन बाहेर ओट्यावर गेला आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला बोलवायला लागला. "या, या, जेवा!" भंगारवाला थांबला. थांबणारच! दोघं माझ्या ताटात जेवले. मी खिडकीतून बघत होते, अंगावर काटा आला माझ्या. दुसऱ्या दिवशी दोन भाकरी जास्त टाकल्या. काय करणार?

कौतुक मात्र सदा आपल्या गावाचं. "आमच्या गावात दोन नद्या आहेत," हे त्याचं पालुपद. अतबरा त्याचं गाव, तिथं एक नदी नाईलला येऊन मिळते. आमच्याकडं नळाला पाणी आलं की पहाटे धावपळ. हा दोन-दोन हंडे घेऊन गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं पाणी भरायचा आणि प्रत्येकीला सांगायचा, "आमच्या गावात दोन नद्या आहेत." ह्यांनी त्याला एकदा सायकलवरून पडेगावच्या बाजूला नेलं, वाटेत खाम नदी दाखवली. हा पुलावरून खाली बघतच राहिला. म्हणाला, "काका, नदी कुठं गेली?" हे पाटबंधारे खात्यात, त्यामुळं ह्यांना ते मनाला लागलं. चार दिवस ह्यांनी त्याला धरणांची माहिती ऐकवली.

दिवाळीच्या सुमारास त्याच्या आईनं कुणाबरोबर तरी माझ्यासाठी पिशवी पाठवली. आत वाळलेली लाल बोंडं. मी ओळखलं, ही तर आपली अंबाडी! लसूण घालून, तांदळाच्या कण्या टाकून झकास भाजी केली. इद्रीस जेवायला आला, ताट बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसला. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं आईच्या आठवणीनं. तर हसत होता. त्या बोंडांचं त्यांच्याकडं सरबत करतात! लग्नात, सणाला, पाहुण्याला. "माझ्या आजीच्या आजीनं पण याला फोडणी नाही दिली, काकू." पण खाल्ली, तीन वेळा मागून खाल्ली आणि आईला कळवलं. तिचं उत्तर आलं, 'त्या बाईला सांग, पुढच्या वेळी जास्त पाठवते, तिनं सरबत पण करावं आणि भाजी पण.'

हे आम्हाला कसं कळलं ते सांगते. आमचे हे निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. अरबी अक्षरं त्यांना वाचता यायची, अर्थ मात्र एका शब्दाचा लागायचा नाही. हे इद्रीसला कळलं आणि त्यानं नियमच केला. आईचं पत्र आलं की काकांनी मोठ्यानं वाचायचं, त्यानं ऐकायचं आणि मला मराठीत सांगायचं. हे खुर्चीत बसून, चष्मा लावून, बातम्या दिल्यासारखे वाचायचे. काय वाचतो ते वाचणाऱ्याला ठाऊक नाही! मधेच इद्रीस हसायचा, मधेच गप्प व्हायचा. हे माझ्याकडं बघायचे, 'मी काय बोललो?' अशा चेहऱ्यानं. तिच्या पत्रात निम्म्याच्या वर विचारपूसच असायची. अमका विचारतो, तमकी विचारते. आणि शेवटी दरवेळी, काकूंचा गुडघा. मला त्या बाईची अशी ओळख झाली. तिला लिहिता येत नव्हतं, भावाकडून लिहवून घ्यायची. माझा गुडघा मात्र तिच्या कानावर रोजच्या रोज असल्यासारखा.

परीक्षेला दोन दिवस होते तेव्हा फोन आला. दुपारची वेळ. पुण्यातला त्याच्याच गावचा कुणी विद्यार्थी, हिंदीत बोलत होता. ह्यांनी घेतला. "हां... हां..." म्हणाले आणि फोन ठेवून माझ्याकडं बघत उभे राहिले. "इद्रीसची आई गेली. लगेच सांगा म्हणतोय."

इद्रीस वर गच्चीत होता. मोठमोठ्यानं पाठांतर चाललं होतं, खालपर्यंत ऐकू येत होतं.

सांगायचं नाही, हे मी म्हटलं. ह्यांनी नाही, मी. आमच्या घरात असंच होत आलेलं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा विलासची बारावी चालू होती, तो मावशीकडं होता. शेवटचा पेपर होईपर्यंत त्याला कुणी कळू दिलं नाही. त्याला चांगले मार्क पडले आणि सगळ्यांनी आमची पाठ थोपटली. पोराचं वर्ष वाया जाऊ नये, हे आपल्याकडं आईबापाचं पहिलं कर्तव्य. मी म्हटलं, "तो इथून उडून जाऊ शकणार आहे का? तिकडं पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असणार. मग रडू दे की परीक्षा झाल्यावर. वर्षासाठी आलाय बिचारा." हे एकदा म्हणाले, "अगं, पण त्यांच्यात..." आणि थांबले. मी त्यांना ते वाक्य पुरं करू दिलं असतं तर!

हाजराआपांनाही सांगितलं नाही. त्यांच्या पोटात राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावरून हाक आली. झोप बरी, काका बरे, गुडघा बरा, शेळी बरी. मग तो थांबला. माझी पाळी.

मला 'आई बरी ना' हे विचारता येईना. मी म्हटलं, "तू बरा का? मामा बरा का?" आणि पटकन आत गेले. त्याचा पाय पायरीवरून हलल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

असे अकरा दिवस. पाच पेपर होते, मधे मधे सुट्ट्या. पुण्याच्या मुलाचा परत फोन आला, तेव्हा मी दबक्या आवाजात सरळ खोटं बोलले. "सांगितलं. लई रडला. आता झोपलाय. तुमच्याही परीक्षा आहेत ना? झाल्यावर या." किती सहज बोलले! इद्रीस तेव्हा पलीकडच्या खोलीत मला कैऱ्या चिरून देत होता.

आणि त्याच दिवसांत तिचं पत्र आलं. आधी कधीतरी टाकलेलं, वाटेत रेंगाळलेलं. इद्रीस पाकीट नाचवत खाली आला. "काका, बातम्या!" ह्यांनी चष्मा सापडत नाही म्हणून बघितलं, तर त्यानं चष्मा शोधून आणला. मग वाचलं. अर्थ न कळणारा माणूस वाचत होता, पण त्या दिवशी त्यांना सगळंच कळत होतं. विचारपुशीच्या यादीत आवाज अडकला. इद्रीस हसून म्हणाला, "काका, सर्दी झाली?" आणि माझ्याकडं वळून, "काकू, आई विचारते, गुडघा कसा आहे?"

मी म्हटलं, "बरा आहे म्हणावं." असं म्हटलं मी.

तो आता रोज माझ्यासाठी काहीतरी आणायला लागला. एकदा शहागंजातून बांगड्या, मापाला लहान. एकदा सायकलवरून थेट दौलताबादला जाऊन अंजिरं, परीक्षेच्या दिवसांत! मी ओरडले, "अभ्यास कर की मेल्या!" तर कसनुसा हसला. मला वाटलं, पेपर चांगले जात असतील.

शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी ह्यांनी त्याला ओट्यावर बसवून सांगितलं. मी दाराच्या आत उभी होते. त्यानं एवढंच विचारलं, "कधी?" ह्यांनी सांगितलं. मग त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"काकू, म्हणून तुम्ही आईचं विचारत नव्हता."

मी बाहेर ओट्यावर आले.

"मला वाटलं, तुम्ही रागावला. मी विचार करत होतो, इद्रीसनं काय चूक केली? बांगड्या आणल्या, अंजीर आणलं, तरी काकू आईचं विचारत नाहीत."

"अरे, तुझे पेपर होते रे. तुझं वर्ष..."

"मी पेपर दिले असते, काकू. आईनंच पाठवलं होतं मला. पण रडून दिले असते."

असं म्हणून तो वर गेला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

हाजराआपांना कळलं तशा त्या डोक्यावर ओढणी घेत आल्या. एवढ्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा माझ्यावर तापल्या. "ये क्या करे तुम, बहन? तीन दिन होते हैं. तीन दिन लोगाँ आके बैठते, दुआ करते, उसके साथ रोते. वो तीन दिन तो उसके थे. तुम खा गए!" मी म्हटलं, "आपा, आमच्यात उशिरा कळलं तरी कळल्यापासून सुतक धरतात. आता बसू दे ना त्याला तीन दिवस." त्या म्हणाल्या, "अब्बी कौन आएगा? वहाँ तो बैठनेवालों की दरी भी उठ गई होगी." आणि माझ्याकडं न बघता जिना चढून गेल्या. वरून त्यांच्या रडण्याचा आवाज आला. त्याच्या नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यावरून हाक आली नाही. तिसऱ्याही नाही. ताट वर पाठवायची, तसंच खाली यायचं. मला गल्लीत तोंड दाखवावंसं वाटेना. लोक विचारायचे, "इद्रीस दिसत नाही, बरा आहे ना?" त्यानंच शिकवलेलं विचारणं ते.

चौथ्या दिवशी दुपारी तो खाली आला. मी तांदूळ निवडत होते. समोर जमिनीवर बसला, एवढा उंच माणूस गुडघे पोटाशी घेऊन. म्हणाला, "काकू, मला सांगा. फोन आला तेव्हा मी कुठं होतो?"

"वर गच्चीत. पाठांतर करत होतास."

"दुसऱ्या दिवशी?"

मी सांगायला लागले. सगळं सांगितलं. अकराच्या अकरा दिवस. मला मुळी विसरायलाच झालं नव्हतं. कुठल्या दिवशी तो काय जेवला, कुठल्या दिवशी पेपर लवकर सोडवून आला, कैऱ्या चिरताना बोट कापलं तो वार कुठला. पत्र आलं त्या दिवशी तो कुठं बसला होता, कुठल्या शब्दाला हसला. अंजिरं आणली त्या दिवशी मी ओरडले, आणि मग न्हाणीघरात जाऊन किती वेळ रडले, तेही सांगितलं. रोज सकाळी तो हाक मारायच्या आधी मी देवापुढं तिच्या नावानं हात जोडायची, तेही. त्याला हे सगळं हवंच होतं. प्रत्येक दिवस ऐकून तो मान हलवायचा आणि डोळे पुसायचा, आणि म्हणायचा, "मग? पुढचा दिवस?"

संपलं तेव्हा उन्हं कलली होती. मी पदर तोंडाला लावून बसले. कुठल्या तोंडानं माफी मागायची ते सुचेना.

तो उठून माझ्यासमोर नीट मांडी घालून बसला. दोन्ही तळवे उघडून छातीसमोर धरले, दुःखाच्या घरी गेल्यावर त्यांच्यात धरतात तसे, आणि पुटपुटत काहीतरी म्हटलं. मग तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

मी गोंधळले. "अरे, हे मी करायचं असतं ना तुझ्यासाठी?"

"नाही काकू," तो म्हणाला. "या गावात अकरा दिवस तिच्यासाठी एकट्या तुम्हीच बसला होता. तुमच्याकडं कुणीच आलं नाही. म्हणून मी आलो."

एवढं वर्ष मी त्याच्या आईची चौकशी केली, ते अकरा दिवस सोडले तर रोज, न चुकता. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला देवापुढं मी 'इद्रीसची आई' असंच म्हणत आले होते.

"तिचं नाव काय रे?" मी विचारलं.

"बतूल."

मी तांदळाचं सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि त्यानं धरले होते तसे तळवे समोर धरले. त्यानं पुढं होऊन माझ्या तळव्यांमधलं अंतर जरा कमी केलं.